चौदा कॅरेटचा नियम आणि सोनाराची शेगडी

१० जानेवारी १९६३ रोजी भारत संरक्षण नियमांमध्ये घातलेला एक नवा भाग देशभर लागू झाला. त्याचे नाव सुवर्ण नियंत्रण. त्यातली सर्वांत कडक अट अशी की, यापुढे १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा नवा दागिना कोणी घडवायचा नाही. महाराष्ट्रात तेव्हा पौष चालू होता. पौषात लग्ने नसतात, पण माघ-फाल्गुनातल्या मुहूर्तांची कामे सोनाराकडे याच दिवसांत येऊन पडतात. मंगळसूत्राच्या वाट्या, पाटल्या, ठुशी, बोरमाळ, नथ. वर्षाची कमाई ज्या लग्नसराईवर अवलंबून असते ती तोंडावर आलेली असताना देशातल्या काही लाख सोनार कुटुंबांचे रोजचे काम एका रात्रीत बेकायदा ठरले.

या नियमाची आठवण आता निघते ती बहुधा तस्करीच्या संदर्भात. समुद्रातून येणारी सोन्याची बिस्किटे आणि त्यावर मोठी झालेली मुंबईतली नावे लोकांच्या लक्षात राहिली. ज्याच्या शेगडीवर पहिल्या दिवशी पाणी पडले त्या सोनाराने घर कसे चालवले, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. खरे तर हातावर पोट असलेला छोटा धंदेवाईक अचानक आलेल्या आर्थिक संकटात कसा तग धरतो आणि नेमका कुठे मोडतो, हे समजून घ्यायला आपल्या इतिहासात याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. दुष्काळ किंवा साथ सर्वांवर येते. हे संकट एकाच व्यवसायावर, एका ठरावीक तारखेला आणि सरकारच्या हुकमाने आले.

सोनार कशावर जगत होता

सराफ आणि सोनार यांना आपण बोलताना एकत्र जोडतो, पण पैशाच्या दृष्टीने ते दोन वेगळे लोक होते. सराफाकडे पेढी असे, माल असे, गावात पत असे. मुंबईचा झवेरी बाजार, जळगावचा सराफ बाजार, कोल्हापूरची गुजरी या सराफांच्या जागा. त्यांच्यासाठी किंवा थेट गिऱ्हाइकासाठी दागिना घडवणारा सोनार हा मजुरीवर जगणारा कारागीर होता. जुन्या गावगाड्यात त्याला बलुतेदारांत जागा होती. नाणे खरे की खोटे हे पारखणारा पोतदार तोच. सुगीला धान्य मिळण्याची ती पद्धत एकोणिसशे साठपर्यंत बहुतेक गावांत मोडीत निघाली होती आणि सोनार रोख घडणावळीवर आला होता.

या धंद्याचा हिशेब नीट पाहिला की त्याचा कच्चा दुवा लगेच दिसतो. सोने गिऱ्हाइकाचे किंवा सराफाचे. सोनार ते तोलून घेई, मुशीत वितळवी, ठोकून पत्रा करी, जंतरातून तार ओढी, झाळ देऊन दागिना जोडी आणि उजाळा देऊन परत तोलून देई. मधली घट किती धरायची हे आधी ठरलेले असे. त्याला मिळे ती घडणावळ. वर्षाअखेर शेगडीची राख आणि दुकानातली झाडलोट, त्यातले सोन्याचे कण धुऊन काढणाऱ्या झारेकऱ्याला विकून चार पैसे येत. अडचणीला कुणाचा दागिना गहाण लावून देताना पारख केल्याबद्दलही काही मिळे. याशिवाय वेगळी मिळकत नव्हती.

त्याच्या मालमत्तेची यादी करायची तर ऐरण, लहानमोठ्या हातोड्या, सांडशी, कानशी, फुंकणी, जंतर, ठसे, तराजू आणि कसोटीचा दगड. विकायला काढली तर त्यांची किंमत लोखंडाच्या भावाने. खरी किंमत त्याच्या हाताला आणि डोळ्याला होती, आणि त्याहून जास्त लोकांच्या विश्वासाला. घरातले सगळे किडूकमिडूक ज्याच्या हाती बिनपावतीचे सोपवायचे, तो माणूस पिढ्यांच्या ओळखीचा लागतो. त्याच्या मागे घराण्याची ही पत होती, पण बँकेच्या भाषेत ती तारण नव्हती. शिल्लक म्हणजे काय, तर बायकोच्या अंगावरचे दागिने.

सरकारची अडचणही खरी होती

हा नियम कोणी खोडसाळपणे केला नव्हता. १९४७ पासून सोन्याची आयात जवळपास बंद होती, पण मागणी कमी झाली नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या १९५८ च्या अंदाजानुसार लोकांच्या घरांत मिळून सुमारे १० कोटी ५० लाख औंस सोने होते. आंतरराष्ट्रीय भावाने त्याची किंमत १,७५० कोटी रुपये भरत होती. त्या काळी आंतरराष्ट्रीय भाव तोळ्याला साडेबासष्ट रुपयांच्या आसपास होता आणि मुंबईच्या बाजारात सोने जवळजवळ दुप्पट भावाने विकले जात होते. एवढी तफावत असली की चोरटा माल येणारच. डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखालचा गोवा ही त्याची एक मोठी वाट होती. ती बंद झाल्यावर दुबईहून येणाऱ्या गलबतांनी कोकण आणि गुजरातचा किनारा धरला. या सोन्याच्या बदल्यात देशाचे परकीय चलन गुपचूप बाहेर जात होते.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध सुरू झाले आणि हा जुना प्रश्न एकदम तातडीचा बनला. शस्त्रे आणायला परकीय चलन हवे होते. राष्ट्रीय संरक्षण निधीला देशभरातल्या बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते, आणि महाराष्ट्रात तर देण्याची अहमहमिका लागली होती. सरकारने साडेसहा टक्के व्याजाचे, १५ वर्षे मुदतीचे सुवर्णरोखे काढले. बँकांना सोन्यावरची कर्जे परत घ्यायला सांगितले, सोन्याचे वायदे बंद केले. पण रोख्यांत सोन्याची किंमत आंतरराष्ट्रीय भावाने, १० ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे, धरली होती. बाजारात दुप्पट किंमत असताना कोण देणार? सुमारे १६ टन सोने गोळा झाले. लोकांच्या घरांतल्या सोन्याच्या मानाने ते शेकड्याला अर्धाच होते.

लोक सोने देत नाहीत, तर त्यांना ते नकोसे करू, हा अर्थमंत्री मोरारजी देसाई यांचा पुढचा विचार होता. १४ कॅरेटच्या दागिन्यात चोवीस भागांपैकी चौदा भागच सोने असते, म्हणजे ५८ टक्क्यांच्या आसपास. २२ कॅरेटमध्ये ते जवळजवळ ९२ टक्के. दागिन्यातले सोने घटले की मागणी घटेल, मागणी घटली की भाव उतरेल आणि भाव उतरला की तस्करी थांबेल, असा तो हिशेब. कागदावर त्यात चूक काढणे अवघड होते. या साखळीत सोनार कुठे बसतो आणि त्याचे काय होईल, याची तरतूद मात्र पहिल्या दिवशीच्या नियमांत नव्हती.

हातातली कला आणि नवी धातू

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की सोनाराने २२ ऐवजी १४ कॅरेटचे दागिने करावेत, त्यात काय अडले? अडले ते कामातच. बावीस कॅरेटचे सोने मऊ. ते हातोडीखाली हवे तसे पसरते, केसासारखी तार देते. कोल्हापुरी साजातली पाने, ठुशीचे मणी, बोरमाळेचे बोर हे पातळ पत्र्याचे काम. आत लाख भरतात आणि वरचा पत्रा कागदासारखा असतो. १४ कॅरेटमध्ये तांबे-चांदीचा भरणा इतका की धातू कडक होते, ठोकताना लवकर ताठते, पुन्हा पुन्हा तापवावी लागते. झाळ वेगळी लागते. रंग फिका किंवा तांबूस येतो आणि अंगावरच्या घामाने काळवंडतो. यंत्राच्या ठशाला ही धातू चालते. वडिलोपार्जित हातोडीला ती जुमानत नाही. नवे काम शिकायला वेळ आणि हत्यारे लागतात, आणि दोन्हींना पैसा लागतो.

त्याहून मोठी अडचण गिऱ्हाइकाची होती. शेतकऱ्याच्या घरात सोने हौसेपुरते कधीच नव्हते. पीक बुडाले, दवाखाना लागला, मुलीचे लग्न निघाले की गहाण टाकायची किंवा मोडायची ती पुंजी होती. बँक जिथे पोचली नव्हती तिथे पाटल्या हीच ठेव. अशा ठेवीत निम्म्याच्या जवळ तांबे असावे हे कोणाला पटणार? कसोटीवर रेघ ओढली की त्या दागिन्याची किंमत मोडताना कळायचीच. शिवाय मंगळसूत्रासारख्या वस्तूंशी शुद्धतेची श्रद्धा जोडलेली. लोकांनी १४ कॅरेटचे दागिने मागितलेच नाहीत. ज्यांना घाई नव्हती ते थांबले, आणि ज्यांच्याकडे जुने होते त्यांनी लग्नात तेच वापरले. सोनाराच्या दारात येणारे काम आटले.

पहिले महिने

अशा वेळी माणूस सर्वांत आधी थांबून पाहतो. हुकूम मागे घेतला जाईल, आठ-पंधरा दिवसांत काही सवलत निघेल, या आशेवर पहिले दिवस जातात. दुकान उघडायचे, शेगडी पेटवायची नाही, ओळखीच्या वाण्याकडून उधारीवर किराणा आणायचा. छोट्या धंद्याला संकटात पहिला हात देते ती सरकारी योजना नसते, वाण्याची वही असते. पण वाण्याच्याही उधारीला मर्यादा असते, आणि एका गल्लीतली सगळीच सोनारांची घरे एकदम वहीवर आली तर ती मर्यादा लवकर गाठली जाते.

दुसरी पायरी म्हणजे जे कायद्यात बसते त्या कामावर राहणे. दुरुस्तीला बंदी नव्हती. तुटलेली कडी जोडणे, पाटलीला उजाळा देणे, सैल झालेला खडा बसवणे, लहान मुलांचे कान टोचणे, ही किरकोळ कामे उरली. चांदीवर नियंत्रण नव्हते. जोडवी, पैंजण, करदोटे, देवाचे टाक ही चांदीची कामे ज्यांना येत होती ते तिकडे वळले. कोल्हापूरजवळच्या हुपरीसारखी चांदीची परंपरा असलेली गावे त्या अर्थाने सुदैवी. पण चांदीच्या कामाची मजुरी सोन्याच्या कामाच्या पासंगालाही पुरत नाही, आणि सगळे सोनार एकाच वेळी चांदी घेऊन बसले तर तीही उतरते. काहींनी गिलिटाचे दागिने करायला घेतले. तिथे यंत्रावरच्या स्वस्त मालाशी गाठ होती.

तिसरी वाट दार लावून काम करण्याची. लोकांना बावीस कॅरेटच हवे होते आणि सोनाराला तेच येत होते. त्यामुळे आतल्या खोलीत, रात्री, ओळखीच्या माणसासाठी शेगडी पेटत राहिली. कायदा मोडून तो श्रीमंत झाला असे मात्र नव्हे. लपून केलेल्या कामाला भाव करता येत नाही. मजुरी बुडाली तर दाद मागायची सोय नाही. कोणी चुगली केली तर झडती आणि खटला. जोखीम सगळी त्याची, आणि नफा सोने पुरवणाऱ्याचा. जो धंदा पिढ्यान्‌पिढ्या उजेडात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर चालला होता त्यातली माणसे गुन्हेगाराच्या जिण्याला आली. प्रामाणिकपणा हीच ज्याची पत, त्याच्या मनावर याचा काय परिणाम झाला असेल याचा हिशेब कोणत्याही अहवालात मिळत नाही.

ज्यांना यातले काही साधले नाही त्यांनी धंदा सोडला. कोणी शेतमजुरीला गेले, कोणी भाजी किंवा किरकोळ माल विकायला बसले, कोणी नोकरीच्या शोधात शहर गाठले. पाठीशी शेतीचा तुकडा होता ते तगले. ज्यांच्या घरात दुसरा कमावता होता तेही तगले. जे पूर्णपणे शेगडीवर अवलंबून होते, ज्यांचे वय झाले होते आणि ज्यांच्या डोक्यावर आधीच कर्ज होते, त्यांची दैना झाली. देशाच्या अनेक भागांतून सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. संसदेत त्यावर पुन्हा पुन्हा वादळ उठले. शत्रूशी लढण्यासाठी केलेल्या नियमाने आपलीच माणसे मरत होती, आणि हे लिहिताना आजही संताप येतो.

या सगळ्यात घरातल्या बायकांचा वाटा नोंदला पाहिजे. अंगावरचे शेवटचे मणी-डोरले मोडून पहिले महिने काढले ते त्यांनी. त्यानंतर घराच्या हिशेबात शिल्लक म्हणून काहीच राहिले नाही.

मदत आली, पण कर्जाच्या रूपाने

सरकार अगदीच स्वस्थ बसले नाही. विस्थापित सोनार अशी एक वेगळी नोंद सरकारी कागदांत सुरू झाली. दुसरा धंदा काढण्यासाठी कर्जे, सरकारी नोकऱ्यांत वयाची सवलत, सेवायोजन कार्यालयांत नोंदणी, मुलांच्या शिक्षणासाठी मदत, अशा योजना निघाल्या. त्यांचा हेतू चांगला होता. पण त्यांतली मुख्य मदत कर्जाची होती, आणि तिथेच गफलत होती.

कर्ज चालू धंद्याला बळ देते. ज्याचा धंदाच बंद केला आहे त्याच्या डोक्यावर ते ओझे होते. सोनाराला कर्ज मिळवायला जामीन हवा, आणि त्याचे सगेसोयरे बहुतेक सोनारच, म्हणजे तेही बुडालेले. मिळालेल्या रकमेतून किराणा दुकान टाकावे तर गावात आधीचे वाणी होते, ज्यांच्याच वहीवर तो उधारी करत होता. आयुष्यभर गुंजभर वजनाचा फरक डोळ्याने ओळखणाऱ्या माणसाला पन्नाशीत नवा व्यवसाय शिकायला सांगणे सोपे असते. तो शिकेपर्यंत घर कशावर चालेल, याचे उत्तर योजनेत नव्हते. पहिल्या तीन-चार महिन्यांची रोख मदत, जुन्या कर्जांच्या वसुलीला स्थगिती आणि १४ कॅरेटच्या कामाचे शिक्षण हे नियम लागू होण्याआधी झाले असते, तर कितीतरी घरे वाचली असती.

एका मदतीने मात्र दूरवर काम केले. ती म्हणजे मुलांच्या शिक्षणाची. अनेक सोनार घरांनी या धक्क्यातून एकच निष्कर्ष काढला की, मुलगा पुन्हा शेगडीपुढे बसता कामा नये. ती पिढी शाळा-कॉलेजात गेली, नोकरीला लागली. कुटुंबे वर आली, पण हातातली कला त्या घरांतून गेली.

सत्तावीस वर्षांचा फेरा

ऑगस्ट १९६३ मध्ये कामराज योजनेखाली मोरारजी मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि टी. टी. कृष्णमाचारी अर्थमंत्री झाले. त्यानंतर त्या वर्षाच्या उत्तरार्धात पहिली सवलत आली. गिऱ्हाइकाने स्वतःचा जुना दागिना आणला तर त्यातून तेवढ्याच शुद्धतेचा नवा दागिना घडवायला परवानगी मिळाली. सोनाराचा श्वास थोडा मोकळा झाला. शेगडी पुन्हा उघड्यावर पेटू शकत होती. पण नव्या सोन्याचे काम बंदच होते.

पुढची लढाई सोनारांनी स्वतः लढली. मोर्चे, निवेदने, उपोषणे झाली. १९६६ मध्ये दिल्लीत सत्याग्रह करून त्यांनी अटक करून घेतली. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले होते, महागाईने लोक त्रस्त होते आणि १९६७ ची निवडणूक समोर दिसत होती. १९६६ च्या उत्तरार्धात इंदिरा गांधींच्या सरकारने १४ कॅरेटची अट काढून टाकली. पावणेचार वर्षांनी सोनाराला त्याचे रोजचे काम परत मिळाले.

नियंत्रण मात्र गेले नाही. १९६८ मध्ये सुवर्ण (नियंत्रण) कायदा झाला. तेव्हा मोरारजी पुन्हा अर्थमंत्री आणि उपपंतप्रधान होते. दागिने विकायला परवाना, सोनाराला प्रमाणपत्र, जवळ किती सोने ठेवायचे यावर मर्यादा, प्रत्येक व्यवहाराची नोंदवही आणि तपासणीला कधीही येऊ शकणारा अधिकारी, अशी ही व्यवस्था होती. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरकचंद रतनचंद बांठिया खटल्यात तिच्यातली काही कलमे रद्द केली. परवाना देण्याच्या काही अटी इतक्या मोघम होत्या की, अधिकाऱ्याच्या मर्जीवर धंदा अवलंबून राहिला असता, असे न्यायालयाचे म्हणणे होते. कायद्याचा गाभा मात्र टिकला. कारागिराने मजुरीतून पैसे साठवून एक दिवस स्वतःचे दुकान टाकायचे, ही या धंद्यातली वर चढण्याची जुनी वाट परवान्याने अरुंद करून ठेवली.

आणि तस्करी? ती थांबवण्यासाठी हे सगळे केले होते, आणि तीच वाढली. घरात सोन्याची मागणी तशीच, कायदेशीर पुरवठा नाही, मग किनाऱ्यावर दहा-दहा तोळ्यांची बिस्किटे उतरत राहिली. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईतले तस्कर बड्या लोकांत वावरू लागले ते या व्यापाराच्या जोरावर. नियमाचा मार गावातल्या सोनाराने खाल्ला आणि लाभ किनाऱ्यावरच्या टोळ्यांना झाला.

अखेर हा फेरा सुटला तो एका मराठी अर्थमंत्र्याच्या हातून. कोकणातल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार प्रा. मधु दंडवते हे विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. समाजवादी विचारांच्या या नेत्याने, नियंत्रण केवळ डाव्या धोरणाचे म्हणून जपले नाही. हेतू साधत नाही आणि लहान माणसाला त्रास होतो, हे मान्य करून त्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द केला. ६ जून १९९० पासून तो कायद्याच्या पुस्तकातून गेला. पहिल्या नियमाला सत्तावीस वर्षे उलटली होती. १९६३ मध्ये ऐन उमेदीत असलेले सोनार तोवर म्हातारे झाले होते.

यातून घ्यायचे ते

गेल्या काही वर्षांत छोट्या धंद्यांवर असे आघात पुन्हा आले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातल्या नोटांपैकी मूल्याने ८६ टक्के नोटा बाद झाल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने दुकानांची शटर एका दिवसात खाली आली. कारणे वेगळी होती, पण छोट्या धंदेवाइकाची तग धरण्याची पद्धत तीच दिसली. आधी वाण्याची उधारी, मग घरातले सोने, मग मिळेल ते दुसरे काम. आणि सरकारी मदतीचा पहिला विचारही तोच, कर्ज. थोडा फरक जरूर पडला. २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी निघालेल्या स्वनिधी योजनेत १०,००० रुपयांचे कर्ज तारणाशिवाय होते. १९६३ च्या सोनाराला जामीन शोधत फिरावे लागले, ते या फेरीवाल्याला करावे लागले नाही. ही प्रगती आहे. तरीही ज्याची विक्रीच शून्यावर आली आहे त्याला कर्जापेक्षा आधी रोख आधार लागतो, हा धडा आपण अजून पुरता गिरवलेला नाही.

धंदा करणाऱ्यांनाही या इतिहासातून तीन गोष्टी घेता येतील. जे तगले त्यांच्याकडे दुसऱ्या मिळकतीचा लहानसा का होईना आधार होता. जे बुडाले त्यांची सगळी शिल्लक धंद्यातच किंवा अंगावरच्या दागिन्यांतच अडकली होती. तेव्हा तीन महिन्यांचा घरखर्च धंद्याबाहेर, वेगळा, हात न लावता ठेवावा. दुसरे, व्यवहाराची साधी वही ठेवावी. मदत द्यायला कोणी आले तर ते आधी कागद मागतात, आणि ज्याच्याकडे कागद नाही तो यादीतच येत नाही. तिसरे, एकट्याने सोसू नये. सोनारांना १९६३ मध्ये जे मिळाले नाही ते १९६६ मध्ये मिळाले, कारण तोवर ते एकत्र आले होते.

राज्यकर्त्यांसाठी मात्र धडा एकच आहे. देशहिताचा कितीही मोठा निर्णय असो, तो लागू करण्याच्या आदल्या दिवशी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. या निर्णयाने ज्याचे काम उद्या बंद होणार आहे, तो माणूस पुढचे तीन महिने काय खाणार? या प्रश्नाचे उत्तर हुकमाच्या त्याच कागदावर, त्याच शाईने लिहिलेले असावे. १९६३ मध्ये ते लिहिले गेले नाही. त्याची किंमत सोनारांनी मोजली, आणि ती मोजताना काहींनी प्राण दिले. पुढच्या वेळी कोणत्याही छोट्या धंद्यावर असा हुकूम आला, तर हे उत्तर मागण्याचा आपल्या सर्वांना हक्क आहे आणि तो आपण वापरला पाहिजे.